पडद्याचे माप आणि वाचकाचा अधिकार

ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराचे ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे छोटेखानी पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. त्याचे बीज ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात २५ मे २०१० रोजी आलेल्या त्याच नावाच्या लेखात होते. लहानमोठ्या सर्व पडद्यांवर एकच पान नीट कसे बसवावे, हा त्याचा विषय. इतक्या वर्षांनी त्याचा परामर्श घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन एवढेच की, त्या पुस्तकातील मत आता रूढी होऊन बसले आहे. बँकेचे ॲप, सरकारी अर्जाचे संकेतस्थळ, मोबाइलवरील पंचांग, देवस्थानाच्या अभिषेकाची पावती, हे सारे आज त्याच विचाराच्या छायेत रचले जाते. न्यायालयात जुन्या निवाड्याचा आधार घेत घेत नवे निवाडे उभे राहतात आणि मूळ निवाड्यात कोणता प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. येथेही काहीसे तसेच झाले आहे.

प्रथम ग्रंथकाराचे श्रेय त्याच्या पदरात घातले पाहिजे. त्या काळी रचनाकार बहुधा ९६० पिक्सेल रुंदीचे पान गृहीत धरून मांडणी करीत. पिक्सेल म्हणजे पडद्यावरील प्रकाशाचे एक टिंब. २००७ साली आयफोन आला, तेव्हा त्याच्या पडद्याची रुंदी अवघी ३२० टिंबांची होती. त्यावर अनेकांनी काढलेला तोडगा म्हणजे मोबाइलसाठी निराळे, कापलेले, अर्धेमुर्धे संकेतस्थळ. मार्कॉटने हा भेद नाकारला. पान एकच असावे. त्यातील स्तंभांची मापे टिंबांत न देता प्रमाणात द्यावी, चित्रांनी आपल्या चौकटीत आकसावे, आणि रुंदी ठराविक मर्यादेखाली गेली की मांडणीचे नियम बदलावे, ही त्याची त्रिसूत्री होय. ९६० टिंबांच्या पानात ९०० टिंबांचा स्तंभ असेल, तर तो ९३.७५ टक्के म्हणून लिहावा. मग पान आकसले तरी प्रमाण ढळत नाही. छापील पानावर चालते तशी हुकमत पडद्यावर चालावयाची नाही, असे जॉन ऑलसॉपने २००० सालीच सांगितले होते, आणि त्याचे ऋण मार्कॉट मोकळेपणाने मान्य करतो.

या विचाराचे मर्म आपल्या वाचकांस समजावयास जड नाही. मंगेशीला सोमवारी पालखी निघते. पालखीतील उत्सवमूर्ती आकाराने लहान असते. पण तिला हात जोडणारा भक्त आपल्याला देवाचा एखादा अंशच दिसला असे मानीत नाही. लहान पडद्यावरील पानही असेच असावे. आकार लहान झाला म्हणून आशय उणा होता कामा नये, ही मार्कॉटची मूळ प्रतिज्ञा आहे आणि ती निःसंशय न्याय्य आहे.

पण रुंदीच्या प्रश्नाला जोडूनच दुसरा एक प्रश्न येतो, तो टिंबांच्या दाटीचा. २०१० सालच्या आयफोन ४ चा पडदा आधीच्या आयफोनइतकाच, म्हणजे साडेतीन इंचांचा होता. पण त्यावर ३२० गुणिले ४८० ऐवजी ६४० गुणिले ९६० टिंबे होती. मोजमाप खऱ्या टिंबांत ठेवले असते, तर प्रत्येक अक्षराची उंची एका रात्रीत निम्मी झाली असती. म्हणून एक कल्पित टिंब निर्माण करावे लागले. ॲपलने त्यास पॉइंट म्हटले. अँड्रॉइडमध्ये त्याचे नाव डीपी. इंचाला १६० टिंबे असलेल्या पडद्यावरील एक टिंब म्हणजे एक डीपी. इंचाला ४८० टिंबे असतील, तेथे एका डीपीसाठी तीन खरी टिंबे लागतात. कायद्यातही अशा कल्पना असतात. हिंदू देवतेस कायदा व्यक्ती मानतो. तिच्या नावे मालमत्ता राहते, तिच्या वतीने दावा चालतो. प्रमथनाथ मलिक प्रकरणात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व स्वीकारले. परंतु कायदेशीर कल्पना ज्या हेतूसाठी केली, त्या हेतूपलीकडे ती ताणू नये, असाही नियम आहे. डीपीचा हेतू अक्षर निरनिराळ्या पडद्यांवर सारखेच मोठे दिसावे एवढाच आहे. सर्वांचे डोळे सारखे आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

माझा आक्षेप येथूनच सुरू होतो. मार्कॉटची मांडणी सर्वांआधी रुंदीला प्रश्न विचारते. पडदा किती रुंद आहे, हे कळले की तिचे समाधान होते. तो पडदा कोणाच्या हातात आहे, त्याने अक्षर किती मोठे करून घेतले आहे, तो कोणत्या लिपीत वाचतो आहे, हे प्रश्न पुस्तकाच्या मध्यभागी येत नाहीत. अक्षरांची मापेही प्रमाणात द्यावी, असे तो सांगतो, हे खरे; पण अक्षर वाढल्यावर त्याच्या भोवतीच्या चौकटीने काय करावे, याचा ऊहापोह अपुरा आहे. त्याची उदाहरणे रुंद पानापासून निघतात; लहान पडद्यापासून आरंभ करण्याचा ल्यूक व्रोब्लेव्स्कीचा विचार पुस्तकाच्या अखेरीस येतो. म्हणजे मूळ प्रत श्रीमंत पडद्याची, आणि इतरांच्या वाट्यास तिची तडजोड.

या उणिवेचा फटका मराठी व कोंकणी वाचकांस अधिक बसतो. देवनागरी ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांसाठी, आणि खाली उकार व जोडाक्षरे यांसाठी जागा लागते. रोमन लिपीच्या मापाने ठरविलेल्या चौकटीत वाचकाने अक्षर मोठे केले, की वरखालचे अवयव छाटले जातात. ‘पूजा’चा ऊकार गेला की ‘पजा’ उरते. ‘कर्म’चा रफार गेला की ‘कम’ उरते. अँड्रॉइडमध्ये अक्षरासाठी एसपी हे निराळे माप आहे. ते वाचकाच्या निवडीप्रमाणे वाढते, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत नेता येते. पण अक्षर एसपीमध्ये आणि चौकटीची उंची डीपीमध्ये बांधली, तर अक्षर वाढते व चौकट हटून बसते.

याहून गंभीर गोष्ट शेवट कापण्याची. मजकूर मावला नाही की त्याची अखेर छाटून तेथे तीन टिंबे ठेवावयाची, असा प्रघात आहे. भाद्रपद शुक्ल चतुर्थी आणि भाद्रपद कृष्ण चतुर्थी ही दोन्ही नावे अरुंद चौकटीत ‘भाद्रपद…’ अशी एकरूप होतात. गणेश चतुर्थी कोणती आणि संकष्टी कोणती, हे वाचकाने ओळखावयाचे. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा क्रियापदाच्या आसपास, वाक्याच्या पूर्वार्धात येऊन जातो. मराठीत तो वाक्याच्या अगदी अखेरीस उभा असतो. ‘आपला अर्ज स्वीकारण्यात आलेला नाही’ हे वाक्य छाटले, की ‘आपला अर्ज स्वीकारण्यात आलेला…’ एवढे शिल्लक राहते. हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे. वाक्याचा अर्थ येथे नेमका उलटा होतो. नोटिशीतील शेवटचा शब्द फाटला असेल, तर ती नोटीस योग्य रीतीने बजावली गेली असे कोणता वकील म्हणेल?

हा प्रश्न आता रुचीचा उरलेला नाही, अधिकाराचा झाला आहे. अक्षर २०० टक्के केले तरी आशय हरवू नये, हा संकेत आंतरराष्ट्रीय सुगम्यता मानकांत २००८ पासून आहे. २०१८ च्या आवृत्तीने ३२० कल्पित टिंबांच्या रुंदीत मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता यावा, अशी अट घातली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेच्या नियमांतील केवळ शिफारसवजा स्वरूपावर बोट ठेवले आणि किमान मानके बंधनकारक हवीत, असे म्हटले. प्रज्ञा प्रसून प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. छाटलेल्या रफाराविषयी हे निवाडे नाहीत. तरी त्यांच्यातील तत्त्व तेथवर पोहोचते.

रचनाकारांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, लहान पडद्यावर जागा खरोखरच थोडी असते आणि प्रत्येक गोष्ट पूर्ण दाखविता येत नाही. शिवाय शास्त्र पुढे गेले आहे. २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत एखाद्या भागाला संपूर्ण पानाची नव्हे, तर आपल्याच चौकटीची रुंदी विचारता येते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातही उपकरणाऐवजी खिडकीची रुंदी पाहतात. ६०० डीपीखाली लहान, तेथून ८४० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण यातही प्रश्न चौकटीलाच विचारलेला आहे. जागा थोडी असेल, तर काय वगळावे हे माणसाने विचारपूर्वक ठरवावे. वाक्याची अखेर यंत्राच्या कात्रीवर सोडू नये. चौकटीला उंच होऊ द्यावे, ओळ खाली उतरू द्यावी, दोन स्तंभांचा एक करावा. हे सारे मार्कॉटच्याच तत्त्वात बसते.

तेव्हा पुस्तकाचा आदर राखून त्यास एक पुरवणी जोडावी, असे माझे मत आहे. मांडणी पुरी झाली म्हणजे भाषा मराठी ठेवावी, अक्षर दुप्पट करावे, हाताशी असलेला सर्वांत अरुंद पडदा घ्यावा, आणि अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश उघडून पाहावा. त्यातील ‘नाही’ हा शब्द दिसला, तर मांडणी उतरली असे समजावे. न दिसल्यास रुंदीचे गणित कितीही बिनचूक असो, काम पुन्हा हाती घ्यावे.