‘मजा येते म्हणून’ हे उत्तर पुरेसं आहे का?

पगार नाही, गुण नाहीत, कुणी मागे लागलेलं नाही. तरी काही माणसं रात्री जागून फुकट प्रोग्रॅम लिहितात, तेही वर्षानुवर्षं. असं का, या विषयावर वाचायला बसलात तर पहिल्याच आठवड्यात करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांचा २००५चा अभ्यास तुमच्या हातात पडेल. सिनॉप्सिसमध्ये तो उद्धृत करायची पद्धतही ठरलेली आहे: ‘कामातला आनंद ही सर्वांत मोठी प्रेरणा’ एवढा निष्कर्ष उचलायचा, कंसात वर्ष टाकायचं आणि पुढे जायचं. मला या निष्कर्षापाशी तुम्हाला जरा थांबवायचं आहे.

आधी अभ्यास काय आहे ते बघू. सोर्सफोर्जवरच्या २८७ ओपन सोर्स प्रकल्पांतल्या ६८४ प्रोग्रॅमरांनी एक प्रश्नावली भरून दिली. कारणांच्या यादीतून प्रत्येकाला तीनपर्यंत कारणं निवडता येत होती. ‘या कामात डोक्याला खाद्य मिळतं’ हे सुमारे ४५ टक्के लोकांनी निवडलं, ‘कौशल्य सुधारतं’ हे ४१ टक्क्यांनी. नावलौकिक बराच खाली राहिला. शिवाय काम जितकं सर्जनशील वाटतं तितके आठवड्याचे तास जास्त, असंही दिसलं. तेव्हा लर्नर आणि तिरोल यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की ही मंडळी पुढची नोकरी आणि नाव यांवर डोळा ठेवून राबतात. त्या वादात हा अभ्यास दमदार होता, आजही आहे.

पण उत्तरं कुणी दिली? जे तेव्हा काम करत होते त्यांनी. मी कुणकेश्वरचा, म्हणून उदाहरण घरचंच देतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत दर्शनाच्या रांगेत उभं राहून ‘का आलात?’ असं विचारत सुटलात, तर श्रद्धा हेच उत्तर बहुतेकांकडून मिळणार. ते खोटं नाही. पण दहा वर्षं आले आणि मग यायचे थांबले, ते लोक त्या रांगेत नाहीतच. लोक ‘का येतात’ ते रांग सांगेल. ‘येत का राहतात’ हे एकट्या रांगेवरून कळणार नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. व्याख्या आपल्याला पाठ असते, पण आवडता पेपर समोर आला की ती आठवत नाही.

दुसरी अडचण अशी की या ६८४ जणांपैकी सुमारे ४० टक्क्यांना त्या कामाचे पैसे मिळत होते. लेखकांनी हे लपवलेलं नाही, उलट ठळकपणे मांडलंय. पण ‘हौशी प्रोग्रॅमर’ या शीर्षकाखाली हा आकडा वापरताना आपण ते सोयीस्कर विसरतो.

म्हणून त्याच्या शेजारी सोनाली शाह यांचा २००६चा ‘मॅनेजमेंट सायन्स’मधला अभ्यास ठेवा. मला तो जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात काळ आहे. माणसं येतात ती बहुधा स्वतःची अडचण सोडवायला. ती सुटली की बहुतेक जण निघून जातात, थोडे राहतात, आणि हे राहिलेले म्हणजे हौशी. म्हणजे हौस बहुतेकदा सुरुवातीला नसतेच, ती मागाहून तयार होते. २०२१मध्ये गेरोसा आणि सहकाऱ्यांनी २४२ जणांना विचारलं तेव्हाही येण्याची कारणं आणि टिकण्याची कारणं वेगवेगळी निघाली.

मग गरज भागल्यावर माणूस का राहतो? इथे माझा एक छोटा प्रोग्रॅम सांगतो. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. फोनवर हे दाखवायला एक संध्याकाळ पुरली, म्हणजे गरज तिथेच संपली. पण भरती एका तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५. पंधरा तिथींत पूर्ण १२ तास व्हायला हवेत, या हिशोबात सव्वाअकराच होतात. उरलेला पाऊण तास पंधरवड्यात कुठे गळतो? त्यात उधाणाला आणि भांगाला सरकण्याचा वेगही बदलतो. दोन वर्षं झाली, अजून मी त्यातच आहे. ‘मजा येते का?’ असं प्रश्नावलीत विचारलंत तर मी ‘हो’वर खूण करीन. पण मला धरून ठेवलंय ते पुढची चूक दिसण्यानं, आणि दुरुस्ती बरोबर की नाही हे उद्या समुद्रावर जाऊन बघता येण्यानं. प्रश्नावलीत या दोन्हीला रकानाच नाही.

मराठीच्या साधनांतही हा फरक दिसतो. ‘गमभन’सारखी देवनागरी टंकलेखनाची साधनं एका ठसठशीत गरजेतून आली; फोनमध्ये आयते कीबोर्ड आल्यावर ती गरज ओसरली. शुद्धलेखन तपासणीचं तसं नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये चालणारं हनस्पेल मुळात हंगेरियनसाठी लिहिलेलं. मराठीचे शब्द आणि नियम त्यात स्वयंसेवकांनी भरले. ‘किनारा’ एकदा टाकून भागत नाही. किनाऱ्यावर, किनाऱ्यावरच्या, किनाऱ्यापर्यंतसुद्धा! शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही बरोबर. हे काम संपतच नाही, पण आज घातलेला नियम चालला की नाही ते लगेच कळतं. अशा कामाला चिकटलेली माणसं मोजकी असतात. त्यातलं एक गळलं तर मराठीत टाइप करणाऱ्या सगळ्यांच्याच शब्दांखाली लाल रेघा वाढतात.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पूर आला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. लगेच एडवर्ड डेसीचा १९७१चा प्रयोग आठवतो: कोडी सोडवायचे पैसे देऊन मग बंद केले, तर मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी झालं. पण दोन्हींची सरळ गाठ मारू नका. डेसीच्या २४ विद्यार्थ्यांना कोडी आधीपासून आवडत होती. टी-शर्टवाल्यांना काय आवडत होतं, हे कुणी मोजलं होतं?

तुमच्यापैकी कुणी हा विषय घेणार असेल तर प्रश्नावली छापण्याआधी प्रकल्पांची नोंदवही उघडा. कुणी कधी शेवटचा बदल केला त्या तारखा तिथे सगळ्यांना दिसतात. जे दोन-तीन वर्षं नियमित होते आणि मग गप्प झाले त्यांची यादी करा, आणि पहिला मेल त्यांना पाठवा. उत्तरं कमी येतील, तेव्हा गाईडला नमुन्याचा आकार आधीच सांगून ठेवा.