एकशे अकरा बाटल्या आणि मोडीचा भाव

पत्रिकेवर विषयाचं नाव जरा भारदस्त छापलंय, 'शाश्वत साहित्य आणि वस्तू-डिझाइन'. मी मात्र दोनच खुर्च्यांबद्दल बोलणार आहे. दोन्ही एकाच कंपनीच्या, दिसायला जवळजवळ जुळ्या, आणि दोन्ही 'रिसायकल्ड' म्हणून विकल्या जातात. माझं म्हणणं असं की त्यातली एकच त्या शब्दाला पुरती जागते.

पहिली 1944 ची. अमेरिकेत एमेको कंपनीने ती तिथल्या नौदलासाठी बनवली. नाव 1006. जहाजावर खारी हवा, पाणी, आणि खुर्ची कशीही आदळणारे खलाशी. म्हणून ॲल्युमिनियम घेतलं. कापणं, वाकवणं, वेल्डिंग, घासणं, उष्णता देऊन कडक करणं असे एकूण 77 टप्पे. कंपनी सांगते की यातलं 80 टक्के ॲल्युमिनियम पुन्हा वितळवलेलं असतं.

दुसरी 2010 ची, '111 नेव्ही'. कोका-कोला आणि एमेको यांनी मिळून काढलेली. एका खुर्चीत वापरून फेकलेल्या निदान 111 पेट बाटल्या जातात, म्हणून हे नाव. आकार तोच, पाठीला त्याच तीन उभ्या पट्ट्या. फक्त आता धातूऐवजी साच्यातलं प्लास्टिक. लाल रंगातही मिळते, ते ओघानंच आलं. (हशा)

आधी बरं ते बोलू. ही खुर्ची तकलादू नाही. काही मिनिटं हातात राहणारी बाटली वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूत गेली, हे कमी नाही. त्याच बाटल्यांचा धागा काढून एका मोसमात विटणारे टी-शर्ट करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पण आकाराकडे बघा. 1006 चा आकार धातू वाकवताना, जोडताना सुचलेला आहे. तो प्लास्टिकच्या अंगावर चढवायचं कारण एकच, ओळख विकायची होती. आता ते सडपातळ पाय नुसत्या पेटमधून उभे राहत नाहीत. मग ताकदीसाठी काचतंतू मिसळावे लागले, शिवाय रंग. म्हणजे जुन्या खुर्चीसारखं दिसण्याच्या हौसेपायी एकजिनसी मालाची खिचडी झाली. आणि माझा आक्षेप इथे, या खिचडीवर आहे.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मोड. फुटकी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची, कासार-तांबट ती वजनावर घेणार, तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा. आज आपण 'मोडीत काढलं' म्हणतो ते टाकून दिलं या अर्थी. मूळ व्यवहार उलटा होता. मोडीला भाव असायचा. हंडा फुटला तरी घरातली पुंजी शाबूत राहायची.

1006 ला मोडीचा भाव आहे. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जी ऊर्जा लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत जुनं वितळतं. कुठलाही भंगारवाला ती खुर्ची काट्यावर ठेवून लगेच पैसे देईल. 111 चं काय? दळताना काचतंतू तुटून आखूड होतात, ताकद उतरते. पेटचंही तसंच, ओल राहिली की वितळताना त्याच्या लांब साखळ्या तुटतात. खास योजना आखून त्या खुर्चीचं काहीतरी करता येईल, नाही असं नाही. पण तिची पुन्हा बाटली होणार नाही. बाटलीचा प्रवास खुर्चीपाशी थांबला, आणि नावात आपण बाटल्या मोजतोय!

पुण्यात कचरावेचकांची संघटना आहे, 1993 पासूनची. नाव, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. मला वाटतं डिझाइनच्या शाळांनी हे नाव भिंतीवर लावावं. कागद, काच, पत्रा. तिन्ही सुटे माल, तिन्ही विकले जातात. काच घातलेलं प्लास्टिक, सनमायका चिकटवलेला भुसाबोर्ड, यांना त्या नावात जागा नाही. प्लास्टिक वाकवून, वाजवून, त्याचा वास घेऊन ओळखणारी माणसं या धंद्यात आहेत. त्यांनी जे बाजूला टाकलं ते कचराडेपोत जातं, मग तुमच्या लेबलवर काहीही छापलेलं असो.

लेबलावरून आठवलं. कारखान्यातलं कातरण पुन्हा यंत्रात घालणं हे कारखानदार पूर्वीपासून करत आलेत, ती काटकसर. त्याचे टक्के मिरवणारे माहितीपट्ट पाहिले की मला हसू येतं. लोकांनी वापरून टाकलेला माल किती, तेवढंच विचारा.

आणि आता तर बाटलीलाच बाटली हवी आहे. भारतात 2022 च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत 2025–26 साठी 30 टक्के आणि 2028–29 पर्यंत 60 टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचं लक्ष्य ठेवलं. म्हणजे स्वच्छ पेट बाटलीला गिऱ्हाईक आहे. तिला खुर्चीत कोंडणं 2010 मध्ये सुटका वाटत असेल, आज ती त्या साखळीतून माल उचलते.

मग विद्यार्थी विचारतात, करायचं काय? तुमच्या पोर्टफोलिओत टक्के लिहिलेले असतात, त्याखाली एक ओळ वाढवा: ही वस्तू सुटी करायला कुठलं हत्यार लागेल, किती वेळ, आणि तुकडे कोण विकत घेईल. शेवटच्या रकान्यासाठी गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जाऊन या, भाव तोच सांगेल.

आणि 111 मला आखायला दिली असती तर? आकडा नावातून काढला असता. काचतंतूंशिवाय भार पेलेल असा जाड पाय काढला असता, दुसरं एकजिनसी प्लास्टिक घ्यावं लागलं तरी चाललं असतं. ती 1006 सारखी दिसली नसती, थोडी बोजड दिसली असती. मागे कोणीतरी हात वर केलाय, माइक तिकडे द्या.