राजवाडा, गंजिफा आणि पाहुणा

पुस्तकाचें परीक्षण होतें, चित्रप्रदर्शनाचें होतें, नाटकाचें तर कित्येकदां पडदा पडण्यापूर्वींच होतें. परंतु ज्या घरांत आपण पैसे देऊन एक-दोन रात्री निजतों त्या घराचें परीक्षण करण्याची चाल आपल्या मासिकांतून नाहीं. निजण्याच्या जागेविषयीं बोलावयाचें तें गादी, न्हाणीघर आणि बिल एवढ्यापुरतेंच, असा शिष्टसंमत समज आहे. आम्हांसही तो आजवर मान्य होता. परंतु अलीकडे कांहीं हॉटेलें आपल्या पाटीवर कलेचें नांव लावूं लागलीं आहेत. जें कलेचें नांव सांगतें त्यानें कलेच्या कसोटीस उतरण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या प्रश्नास तोंड फोडलें तें आमच्या पुतण्यानें. तो पोटापाण्यासाठीं युरोपांत असतो. दोन वर्षांपूर्वीं तो इटलींत फ्लॉरेन्स येथें गेला असतां पोंटे वेक्कियो या जुन्या पुलाजवळ 'गॅलरी हॉटेल आर्ट' नांवाच्या ठिकाणीं उतरला होता. पादत्राणांसाठीं जगप्रसिद्ध असलेल्या फेरागामो घराण्यानें 1999 सालीं हें हॉटेल काढलें. (चपलांसाठीं प्रसिद्ध असलेल्या आमच्या जिल्ह्यास हा धडा घेण्यासारखा आहे, असो.) तेथें नव्या चित्रकारांचीं व छायाचित्रकारांचीं कामें मांडलेलीं असतात, आणि तीं वेळोवेळीं बदलतात. सुट्टींत कोडोलीस आल्यावर पुतण्या या साऱ्याचें वर्णन मोठ्या उत्साहानें करीत होता. आमच्या कुटुंबानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "चित्रं बघायला बाहेर सगळं गाव पडलेलं असताना ती हॉटेलात कशाला रे?"

प्रश्न बिनतोड होता. ज्या शहरांत दारांतून बाहेर पडून थोडें चाललें कीं उफीत्सीचें चित्रभांडार लागतें आणि बोत्तिचेल्लीची व्हीनस समोर उभी राहते, त्या शहरांत हॉटेलांतील चित्र हें जेवणानंतरच्या विड्यासारखें आहे. असला तर बरें, नसला तर अडत नाहीं. ज्या गांवांत बाहेर असें भांडार नाहीं तेथें मात्र गोष्ट निराळी. तेथें हॉटेलानें कलेचें नांव घेतलें कीं सारा भार त्यालाच वाहावा लागतो. असें कांहीं आपल्या मुलखांत आहे काय, असें पुतण्यानें विचारलें, आणि आम्हांस सावंतवाडी आठवली.

आठवण्याचें कारण घरांतच होतें. आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यांत आजीच्या माहेराहून आलेला दशावतारी गंजिफा आहे. दशावतारी गंजिफ्याचीं पानें एकशें वीस. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. पानें गोल, तळहातांत मावणारीं, हातानें रंगवून लाखेनें चकचकीत केलेलीं. आमच्या डब्यांत तीं एकशें सतराच आहेत. मत्स्याचा प्रधान, कूर्माची नव्वी आणि परशुरामाची चव्वी केव्हां हरवलीं हें सांगणारें माणूस आतां घरांत उरलेलें नाहीं. आजी असतांना श्रावणांत पावसाची झड लागली कीं डबा खालीं येई. ती गेल्यावर तो वरच राहिला. अपुरा डाव खेळतां येत नाहीं आणि टाकवतही नाहीं. तीं तीन पानें नवीं करून मिळालीं तर, असा एक स्वार्थ मनांत धरून आम्ही सावंतवाडीच्या राजवाड्यांतील 'बुटीक आर्ट हॉटेलां'त दोन रात्रींचा मुक्काम ठरविला आणि डबा बरोबर घेतला.

कोल्हापुरास कलापूर म्हणतात. मग घाट उतरून जाण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस 1931 ते 1934 या सालांत बांधला गेला, आणि 1987 सालीं त्याचें हॉटेल झालें. परंतु त्याची कीर्ति होती ती राजवाड्यांत राहण्याच्या सुखासाठीं, आणि तें सुख वेगळें आहे. आबालाल रहिमान यांचीं चित्रें पाहावयाचीं तर टाऊन हॉलमधील संग्रहालय गांठावें लागतें. राजारामपुरींत चित्रपटनट व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचें राहतें घरच चित्रसंग्रहालय झालें आहे. एखाद्या कलावंतानें आपलें घर रसिकांस देऊन टाकावें याहून थोर दान नाहीं. तथापि तेथेंही आपण जातों ते घटका दोन घटकांचे पाहुणे म्हणून. चित्राच्या सहवासांत रात्र काढणें ही गोष्ट या दोहोंतही बसत नाहीं.

आजरा ओलांडून आंबोलीचा घाट उतरलों कीं हवा जड होते आणि माती तांबडी. सावंतवाडीचा राजवाडा त्याच तांबड्या जांभ्या दगडाचा आहे. समोर मोती तलाव. तिसरे खेम सावंत यांच्या कारकीर्दींत, म्हणजे 1755 ते 1803 या काळांत, तो उभा राहिला. गांवाच्या मध्यभागीं असूनही आंत शिरल्यावर बाजाराचा आवाज ऐकूं येत नाहीं. खोल्या मोजक्या आहेत, आणि त्यांची सजावट गंजिफ्यांतील अवतारांवर व आकृतींवर बेतलेली आहे. येथवर कोणीही प्रवासी सांगेल. आम्हांस बोलावयाचें आहे तें पुढचें.

वस्तुसंग्रहालयांत आपण एका चित्रापुढें किती वेळ उभे राहतों? पाय दुखूं लागतात, मागून दुसरी मंडळी येतात, रखवालदार घड्याळाकडे पाहतो. ज्या खोलींत आपण निजतों तेथील चित्र अशी घाई करीत नाहीं. पहांटे अर्धवट जाग आली, दिवा न लावतां पडून राहिलों, आणि खिडकींतून उजेड येऊं लागला तसतसे समोरच्या आकृतींचे रंग एकेक करून उघडूं लागले. प्रथम पिवळा, मग तांबडा, सर्वांत शेवटीं हिरवा. असें पाहणें तिकिटावर मिळत नाहीं. कलेच्या नांवानें चालणाऱ्या हॉटेलाचें समर्थन करावयाचें तर तें येवढ्या एकाच गोष्टीवर करतां येईल, आणि आमच्या मतें तें पुरेसें आहे.

परंतु याच पहांटे एक शंकाही मनांत आली. गंजिफ्याचें पान भिंतीवर आलें म्हणजे तें चित्र होतें. मूळचें तें चित्र नव्हे. तें एकशें विसांतलें एक आहे, आणि त्याचें सौंदर्य उरलेल्या एकशें एकोणिसांच्या नात्यांत आहे. गंजिफ्यावरून आज जीं तबकें, पेट्या, चौकटी आणि भिंती रंगविल्या जातात, त्यांत राजाचें पान पुढें येतें, कारण त्यावर देवाची मूर्ति आहे आणि ती कोणासही ओळखतां येते. सत्ती-अठ्ठीच्या वांट्याला हा मान क्वचितच येतो. आणि चिताऱ्याची खरी परीक्षा तर तेथेंच! एका गोल पानांत एक मासा काढणें सोपें आहे. सात मासे काढावयाचे, ते एकमेकांवर चढतां कामा नयेत, पोकळी एका बाजूस सांचतां कामा नये, आणि खेळणाऱ्यानें पान अर्धवट उघडलें तरी एका दृष्टिक्षेपांत तें सात आहेत हें कळलें पाहिजे, ही करामत मूर्ति रंगविण्याहून अवघड आहे. आमच्या आजीच्या गंजिफ्यांतील मत्स्याची सत्ती पाहावी. सहा मासे कडेनें फिरताहेत आणि सातवा मध्यें किंचित् वांकला आहे. तो वांकला नसता तर पान बरोबर झालें असतें, सुंदर झालें नसतें. कुऱ्हाडीसारखी ताठ, न वांकणारी वस्तु नऊ वेळां बसवितांना त्या अज्ञात चिताऱ्याची धांदल उडालेली दिसते, आणि ती धांदलही गोड वाटते. दहा रंगांचे राजे भिंतीवर लावून गंजिफा दाखविला असें म्हणणें म्हणजे एखाद्या महाकाव्याचीं सर्गनामें वाचून दाखविण्यासारखें आहे.

दुपारीं आम्ही डबा घेऊन, कारागीर रंगवीत बसलेले असतात त्या दरबार-दालनांत गेलों. या दालनाचा इतिहास वाचकांस सांगितला पाहिजे. गंजिफा हा शब्द इराणी वाटेनें आला. बाबरानें 1527 सालीं सिंधच्या शहा हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रांत आहे. आपल्याकडे त्यास दशावतारी रूप मिळालें आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं त्यावर पिढ्या घालविल्या. पुढें छापील बावन पानांचा स्वस्त जोड बाजारांत आला आणि हाताचें काम बसलें. गेल्या शतकाच्या मध्यास तें नामशेष होण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या जाणून घेतली, आणि 1971 च्या सुमारास राजवाड्यांतच काम सुरू केलें. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. 2024 सालीं सावंतवाडीच्या गंजिफ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. आश्रयदात्यानें नुसता पैसा न देतां हात रंगांत बुडविला, अशीं उदाहरणें आपल्या संस्थानांच्या इतिहासांत फार नाहींत.

रंगविणाऱ्या बाईंनीं आमचीं पानें एकेक करून उजेडांत धरलीं. पुतण्यानें हरवलेल्या पानांचीं नांवें सांगितलीं. त्यांनीं पान उलटें करून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाल्या, "पान करून देऊ हो. पण पाठ नाही जुळायची. ही लाख किती हातांत फिरलेली! नवं पान लगेच ओळखू येईल. खेळताना कुणाच्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसेल."

आम्ही पानांच्या पुढच्या बाजूचा विचार करीत होतों. त्या कारागीर बाईंनीं खेळाचा केला. साऱ्या मुक्कामांत आम्हांस ऐकावयास मिळालेलें हें सर्वांत मार्मिक परीक्षण होय. संग्राहक पानाचें तोंड पाहतो आणि खेळणारा पाठ सांभाळतो. भिंतीवरच्या पानास पाठ नसते.

यावर पुतण्याचें म्हणणें असें पडलें कीं, हा सारा खेद व्यर्थ आहे. "काका, आता गंजिफा खेळतंय कोण? पाहुणे येतात, राहतात, एखादं पान विकत घेतात, म्हणून तर रंगवणाऱ्यांचा हात चालू राहतो. भिंतीवर का होईना, आहे तर खरं!" या बोलण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं राजा होता, आतां पाहुणा आहे. आश्रयदाता बदलला, येवढेंच. परंतु आश्रयदाता बदलला कीं कलेची मागणीही बदलते. राजाच्या वाड्यांत एकशें वीस पानें लागत, कारण खेळावयास तितकीं लागतात. पाहुण्यास परत जातांना पिशवींत एक पान पुरतें, आणि तें राजाचेंच हवें असतें. असें फार दिवस चाललें तर सातव्या माशास वांकविण्याची विद्या कोणाच्या हातीं राहील? फ्लॉरेन्सच्या त्या हॉटेलास ही चिंता नाहीं. तेथील चित्रें भिंतीसाठींच जन्मलीं. तीं काढून दुसरीं लावलीं तरी त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. गंजिफा हातासाठीं जन्मला आहे. त्याच्या नांवानें पाटी लावणाऱ्या घरांत प्रत्येक संध्याकाळीं निदान एका मेजावर डाव मांडलेला असावा, नवख्यास नियम सांगणारें कोणी असावें, हें आमचें मागणें आहे. सावंतवाडीपुरतें तें नव्हे; जेथें जेथें हातची कला भिंतीवर नेली जाते तेथें सर्वत्र आम्ही तेंच मागूं.

दुसऱ्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर कुटुंब म्हणालें, "तीन चिठ्ठ्या करू या की." पुतण्यानें टिपणवहींतला पांढरा कागद वाटीच्या कडेनें गोल कापला आणि निळ्या शाईनें तीन नांवें लिहिलीं. तिघांत चाळीस चाळीस पानें आलीं. दिवसा खेळ रामाच्या राजानें उघडतो, रात्रीं कृष्णाच्या. तो कुटुंबाकडे निघाला. पांच रंगांत दश्शी मोठी आणि पांचांत एक्का मोठा, हें पुतण्यास तीनदां सांगावें लागलें आणि आम्हांस स्वतःस दोनदां आठवावें लागलें. हुकूम या खेळांत नाहीं. पडलेलें प्रत्येक पान ध्यानांत ठेवावें लागतें, आणि आजी तें ऐंशीव्या वर्षीं ठेवीत असे. पुतण्याच्या हातांत एक पांढरी पाठ आम्हां दोघांस सारखी दिसत होती. बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. अकराच्या सुमारास मत्स्याचा राजा पडून गेला आणि त्यानें ती चिठ्ठी मेजावर टाकली. 'मत्स्य-प्रधान.' हात त्याचा झाला. त्या हातांत आमच्याकडून आजीची ती सत्ती गेली.

सकाळीं निघण्यापूर्वीं आम्ही दालनांत जाऊन एका सबंध दशावतारी गंजिफ्याचें काम सांगितलें. पुरीं एकशें वीस पानें, सर्वांची पाठ एकसारखी. मत्स्याची सत्ती कशी हवी हें दाखविण्यासाठीं जुनें पान तेथेंच ठेवून आलों. डबा कोडोलीस परत आला आहे. त्यांत आतां एकशें सोळा पानें आणि तीन चिठ्ठ्या आहेत.