सावड आणि मोलाची पोरे

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या २६ परगण्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून गावच्या कथा, समजुती व शेतीच्या रीती वह्यांत उतरवून घेतल्या. आयरिश लोकसाहित्य आयोगाचा हा ‘शालेय संग्रह’ आज संगणकावर कोणासही वाचावयास मिळतो. त्याची जी स्तुती होते ती सार्थ आहे, असेच आम्ही म्हणू.

लोण्याविषयीची एक समजूत पाहा. घरात घुसळण चालू असता कोणी पाहुणा आला, तर त्याने घुसळणीस हात लावल्यावाचून जाऊ नये. नाहीतर घरच्या लोण्याची बरकत त्याच्यासोबत जाते! समजूत म्हणून ती भोळीच. परंतु दमलेल्या गृहिणीला घटकाभर विसावा मिळावा याची तजवीजही तिच्यात आहे, आणि तीही पाहुण्याला न दुखविता. आपण जिला सावड म्हणतो तिला तिकडे ‘मेहल’ म्हणतात. गवत कापणे असो वा मळणी, शेजारी एकमेकांच्या शेतावर राबत. मोबदला पैशाचा नसे, जेवणाचा व उलट फेडीचा असे.

तथापि या पानांवरून ‘जुना काळ किती सलोख्याचा’ असा निष्कर्ष काढणारे लेख वाचताना आम्हांस अवघडल्यासारखे होते. सावड ही ज्यांना शेत आहे त्यांची. ज्यांना ते नव्हते किंवा पुरत नव्हते, त्यांच्या मुलांचे काय?

याचे उत्तर मिकी मॅक गावन यांच्या आत्मकथनात आहे. डोनेगलच्या या आयरिशभाषी मुलाला वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास लेटरकेनीच्या मजूर-बाजारात उभे केले गेले. धनी येत, पोर निरखून घेत, सहामाहीचा सौदा ठरवीत. पुढे स्कॉटलंड, मोंटाना आणि क्लोंडाइकच्या सोन्यापर्यंत हा माणूस पोहोचला. पण आमच्या मते पुस्तकाचा जीव त्या बाजारातच आहे. कथनात कुठेही रडगाणे नाही, म्हणून ते अधिकच बोचते.

हे कथन ज्यांनी टिपून घेतले ते जावई शॉन ओ होखी स्वतः त्याच आयोगाचे संग्राहक होते. तेव्हा दोष संग्राहकांचा नव्हे. निवडून गोड तेवढेच वाचणाऱ्यांचा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १९५९ साली, हे पुस्तक आयरिशमध्ये निघाले. इंग्रजी भाषांतर १९६२ चे आहे.