जॅझच्या फडताळातलं १९५९

जॅझच्या एलपी जमवणाऱ्या कुणाच्याही फडताळात डोकावा, तिथे १९५९ साल ठाण मांडून बसलेलं दिसेल. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसची ‘मिंगस आह अम’, ऑर्नेट कोलमनची ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’. एका वर्षात एवढं निघालं हे खरंच. पण यातली कोलमनची तबकडी बहुधा कोरी करकरीत, एक ओरखडा नसलेली असते. यादीत नाव आहे म्हणून घेतलेली. माझी कुरबुर इथूनच सुरू होते.

एलपीने जॅझला ऐसपैस वेळ दिला. ७८च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, एलपीवर वीसेक. अमीर खाँसाहेबांचा मारवा एलपीवर ऐकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. मात्र वेळ वाढला म्हणून मुद्रण निर्दोष झालं असं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या २ मार्चच्या सत्रात यंत्र किंचित मंद चाललं होतं, परिणामी पहिली बाजू तीसेक वर्षं अंमळ चढ्या सुरात वाजत राहिली. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत सूर जागेवर आला. ‘पहिलं प्रेसिंग’ म्हणून दामदुप्पट मोजणाऱ्याच्या पदरात चढा सूर पडतो, ही गंमत संग्राहकांना फारशी आवडत नाही!

त्याहून सुरस कथा ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ची. जुलै १९५६. ड्यूक एलिंग्टनचा जमाना सरला असं लोक उघड बोलत होते. त्या रात्री पॉल गोन्साल्व्हिस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि ब्लूजची सत्तावीस आवर्तनं एका दमात वाजवून गेला. श्रोते खुर्च्यांवरून उठून नाचू लागले. घोळ असा, की तो कोलंबिया कंपनीचा सोडून भलत्याच, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या मायक्रोफोनसमोर वाजवत होता. मग कंपनीने कार्यक्रमाचा बराच भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, वर टाळ्या चिकटवल्या आणि तेच ‘न्यूपोर्ट’ म्हणून विकलं. पुढे रेडिओच्या फिती सापडल्या आणि १९९९मध्ये दोन्ही मुद्रणं जुळवून खरी मैफल बाहेर आली. संग्रहात हीच आवृत्ती असावी. जुन्या आवरणाचा मोह असेल तर ते चौकटीत लावावं.

जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’बद्दल नव्याने काय सांगायचं? ती असतेच. तिच्या शेजारी ॲलिस कोल्ट्रेनची ‘जर्नी इन सच्चिदानंद’ (१९७१) क्वचित दिसते, हे मात्र खटकतं. तंबोऱ्यावर तिची हार्प आणि फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन! नवऱ्याच्या सावलीतली म्हणून तिला फार वर्षं बाजूला ठेवलं गेलं.

आजची तऱ्हा पाहा. १९६३चं, पडून राहिलेलं कोल्ट्रेनचं मुद्रण ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ २०१८मध्ये निघालं आणि त्याने नव्या वादकांची जागा अडवली. १८० ग्रॅमच्या जाडजूड पुनर्मुद्रणांवर जो पैसा जातो, त्यातला थोडा तरी मकाया मॅक्रेव्हनच्या ‘इन द मोमेंट’कडे (२०१५) वळावा. तो रंगमंचावर सुचलेलं वाजवतो आणि नंतर त्याच मुद्रणाची कापाकापी करून नव्या रचना बांधतो. कमासी वॉशिंग्टनची ‘द एपिक’ही त्याच वर्षीची, जवळजवळ तीन तासांची, पसरट, पण उरात दम असलेली.

आणि आपली मुंबई? १९३०च्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफर्ड पियानो वाजवत होता; त्या पिढीच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. त्यांनी रात्री हॉटेलांत वाजवलं, दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत. तबकड्या मात्र फार थोड्या उरल्या. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणवला जाणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ऐकायचा तर सी. रामचंद्रांची ‘अलबेला’ (१९५१) लावावी. भगवानदादांच्या नाचामागे जो झुलता ताल आहे तो अस्सल स्विंग आहे. दर्दी लोक नाक मुरडतील, मुरडोत. माझ्याकडे ती रेकॉर्ड हिंदी सिनेमाच्या खणात नाही, आर्मस्ट्राँगला खेटून आहे.