खेळणाऱ्याचे हात: व्हिडिओ गेममधील सिनेमॅटिक्सविषयी

मागच्या व्याख्यानात आपण नाटकाच्या प्रेक्षकाबद्दल बोललो. आज त्याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊ. विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर कांट आणि अभिनवगुप्त शिकवणारा मास्तर व्हिडिओ गेमवर काय बोलणार? शंका रास्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हटलं असतं. पण घरात नातू आहे, आणि त्याच्या शेजारी बसून आम्ही बरंच काही शिकलो.

आधी शब्दाचा अर्थ बघू. गेम रंगात आलेला असतो आणि मध्येच हातातला कंट्रोलर निकामी होतो. पडद्यावर एक छोटा चित्रपट सुरू होतो. याला कटसीन म्हणतात. हा शब्द रॉन गिल्बर्ट यांनी १९८७ च्या 'मॅनिअॅक मॅन्शन' या गेमच्या वेळी रूढ केला. त्याचंच अधिक सजवलेलं, सिनेमाशी स्पर्धा करणारं रूप म्हणजे सिनेमॅटिक. काही सिनेमॅटिक्स गेमच्याच यंत्रणेत त्या क्षणी घडतात, तर काही आधीच पूर्ण तयार करून ठेवलेली असतात.

ती बनतात कशी? प्रसंग लिहिला जातो, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं चित्र काढलं जातं. ही चित्रं वेळेच्या पट्टीवर बसवून, कच्चा आवाज जोडून अ‍ॅनिमॅटिक तयार होतं. इथे एखादा शॉट काढून टाकणं स्वस्त असतं, पुढे ते महाग होत जातं. मग पात्रांची त्रिमितीय मॉडेल्स येतात. हालचाली अ‍ॅनिमेटर हातानं रचतो, किंवा अभिनेत्याच्या अंगावर खुणा लावून टिपल्या जातात. त्यानंतर प्रकाशयोजना आणि रेंडरिंग. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या १,४४० फ्रेम होतात, आणि गुंतागुंतीची एकेक फ्रेम संगणकाचे कित्येक तास खाऊ शकते.

एवढा खटाटोप पाहिला की समीक्षक तिथेच रेंगाळतो. केस किती खरे, पाणी किती खरं, वगैरे. आमचं म्हणणं असं की यातला सर्वांत अवघड सर्जनशील निर्णय फार आधी घेतलेला असतो. तो निर्णय म्हणजे, खेळणाऱ्याचे हात कोणत्या क्षणी काढून घ्यायचे आणि ते परत कधी द्यायचे.

उदाहरण घेऊ. 'फायनल फॅन्टसी ७', जपानमध्ये १९९७ च्या जानेवारीत आलेला गेम. तीन सीडींचा. पहिली सीडी संपता संपता एरिथ ही नायिका मारली जाते. गेली अनेक वर्षं या प्रसंगावर लोक बोलताहेत, पण बहुतेक जण बोलतात ते सिनेमॅटिकवर. सेफिरॉथ वरून उतरतो, तलवार आरपार जाते, तिच्या केसांतला मणी निसटून टप्पे खात पाण्यात पडतो. आम्हाला मात्र त्याच्या आधीचं अर्धं मिनिट महत्त्वाचं वाटतं.

एरिथ प्रार्थनेला बसली आहे. नायक क्लाउड तिच्यासमोर आहे आणि तो तुमच्या ताब्यात आहे. पण बटण दाबलं की तो तिच्यावरच तलवार उगारायला लागतो. दुसरं काही करताच येत नाही. आमचा नातू तिथे थांबला. त्यानं कंट्रोलर खाली ठेवला. गेमही थांबून राहिला, काही बोलेना. मग तो म्हणाला, "आजोबा, मी नाही दाबणार. तुम्ही दाबा." आणि आम्ही दाबलं, बरं का! सोबती ओरडतात, क्लाउड भानावर येतो, हात आवरतो. आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि तेवढ्यात सिनेमॅटिक सुरू होतं. आता आपल्याला काहीच करता येत नाही, आणि नेमक्या याच वेळी ती मरते.

दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी नंतर सांगितलं आहे की त्यांना हौतात्म्याचा थाट टाळायचा होता, खऱ्या आयुष्यासारखं अचानक येणारं मरण हवं होतं. ते साधलं कशामुळे? १९९७ चं ते अ‍ॅनिमेशन आज जुनाट दिसतं. साधलं ते क्रमामुळे. आधी तुम्हाला अपराधाच्या उंबरठ्यावर नेलं, मग असहाय केलं. पुढे लगेच लढाई सुरू होते, हात परत मिळतात, पण नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली एरिथची धून तशीच वाजत राहते. नेहमीचं लढाईचं संगीत येतच नाही. हात मोकळे झाले तरी मन मागेच राहतं.

आता थोडं शास्त्र. भट्टनायकाचा ग्रंथ हरवला, पण अभिनवगुप्तामुळे त्याचा विचार आपल्यापर्यंत आला. तो म्हणतो, रंगमंचावरचा शोक माझा नसतो आणि परक्याचाही नसतो. त्याचं साधारणीकरण होतं, म्हणून त्यातून रस निर्माण होतो. इथे प्रेक्षक कर्ता नाही, हे गृहीत आहे. गेम हे गृहीतकच मोडतो. खेळणारा कर्ता असतो, आणि सिनेमॅटिक त्याला साक्षी करतं. कर्त्याचा साक्षी होणं हा अनुभव नाटकाच्या प्रेक्षकाला मिळत नाही. म्हणून आमची कसोटी अशी: आधी कर्तेपण दिलेलं असेल तरच ते काढून घेण्याला अर्थ येतो.

या कसोटीवर दुसरी कृती घासून बघू. २०११ च्या फेब्रुवारीत 'डेड आयलंड' या गेमची झलक आली. ती ग्लासगोच्या अ‍ॅक्सिस अ‍ॅनिमेशननं बनवली होती. गवतावर एक मुलगी मरून पडली आहे. काळ उलटा फिरतो, ती खिडकीकडे वर वर जाते. मधूनमधून सरळ काळातले तुकडे येतात, जिवंत प्रेतं तिच्या मागे लागलेली. दोन्ही काळ येऊन भिडतात ते वडील तिच्याकडे हात पुढे करतात त्या क्षणाला. गेममध्ये मेलं तर पुन्हा सुरुवात करता येते. इथे काळ मागे गेला तरी मुलगी वाचत नाही. लघुपट म्हणून हे अव्वल काम आहे, यात वाद नाही.

पण सप्टेंबरमध्ये गेम आला तेव्हा हातात काय पडलं? हत्यारं जोडा, प्रेतं झोडा. त्यात मजा नव्हती असं नाही. पण ज्या शोकाचं वचन झलकेनं दिलं, त्याचा कर्ता होण्याची जागा गेममध्ये नव्हती. ते अश्रू खरे होते, पण उसने होते.

काही निर्माते म्हणतात, मग हात काढूच नका. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये दृष्टी नायकाच्या डोळ्यांतून बाहेर पडतच नाही. ही भूमिका सोवळी आहे. आम्हाला ती पुरी पटत नाही. आयुष्यात आपले हात कधी ना कधी रिकामे होतातच. दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कलेनं तो अनुभव का टाळावा?

त्या संध्याकाळी नातवानं विचारलं, "आजोबा, दुसरं बटण दाबलं असतं तर?" आम्ही म्हटलं, काहीही दाबलं असतं तरी तेच झालं असतं. त्याचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर आमचंही झालं नाही, कारण अंगठा आमचा होता. पुढच्या वेळी याच धाग्यावरून कर्म आणि नियतीकडे वळू. तोवर तुमचे प्रश्न येऊ द्या. नमस्कार.