दाराबाहेरचा वक्ता

नायजेल फराजचं भाषण मी पहिल्यांदा ऐकलं ते 2016 च्या मे महिन्यात, मडगावला, एका जुन्या ओळखीच्या घरी. त्या घरातला थोरला मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला कामाला. गोव्यातली किती घरं अशी आहेत! आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले, म्हणून लिस्बनला जन्मनोंद करायची, पासपोर्ट काढायचा आणि पोर्तुगालात न राहता थेट इंग्लंड गाठायचं. त्याच्या आईने मोबाइल माझ्या हातात दिला. "हा माणूस आमच्या पोरांना परत पाठवणार म्हणतात. तुला इंग्रजी येतं, ऐकून सांग बघू काय म्हणतो तो."

ऐकलं, आणि कबूल करते, मला हसू आलं. क्लिप जुनी होती, फेब्रुवारी 2010 ची. युरोपीय परिषदेचे नवे अध्यक्ष हेर्मान व्हान रॉम्पुई समोर बसलेले, आणि हा उभा राहून त्यांना ओल्या फडक्याची आणि साध्या बँक कारकुनाची उपमा देतोय. संसदेने दहा दिवसांचा भत्ता कापला. याने माफी मागितली ती जगभरच्या बँक कारकुनांची! आम्ही बेळगावची माणसं, सीमेवरची भाषणं ऐकत म्हातारी झालेली. बोलणारा कुठे थांबतो, टाळी कुठे काढतो, ते आम्हाला कळतं. याला ते फार चांगलं जमतं.

पण भाषण परत परत ऐकलं तेव्हा जाणवलं की त्यात एक खरा प्रश्न आहे. तुम्हाला निवडलं कुणी, आणि लोकांना तुम्ही नको झालात तर काढायचं कसं? लोकशाहीत याहून मोठा प्रश्न नाही. फराज तो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या टिंगलीकडे वळतो. त्याच्या सगळ्या वक्तृत्वात मला हाच दोष दिसतो. प्रश्न सुटला तर भाषण संपेल ना!

त्याची कारकीर्दही तशीच. मास्ट्रिख्ट कराराच्या रागात 1992 मध्ये हुजूर पक्ष सोडला, 1993 मध्ये यूकिप पक्षाच्या स्थापनेत होता. ब्रिटिश संसदेने त्याला सात वेळा दारातून परत पाठवलं. आत घेतलं ते युरोपीय संसदेने, 1999 मध्ये, कारण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ज्या संस्थेला मोडायचं म्हणून बोलायचं, तिनेच वीस वर्षं माइक दिला, पगारही दिला. अर्थात त्याची एक तक्रार रास्त होती. 2015 मध्ये त्याच्या पक्षाला साडेबारा टक्क्यांवर मतं मिळाली आणि जागा मिळाली एक. इतक्या लोकांना संसदेत तोंडच नसेल तर ते बाहेर ओरडणारच.

मात्र 16 जून 2016 चं ते पोस्टर मी माफ करू शकत नाही. सार्वमताला एक आठवडा होता. स्लोव्हेनियाच्या सीमेवर चालणाऱ्या निर्वासितांची लांबच लांब रांग, आणि वर लिहिलेलं की आता सहनशक्ती संपली. त्या रांगेतल्या माणसांचा आणि युरोपातल्या मुक्त संचाराच्या हक्काचा काय संबंध? तो हक्क होता स्विंडनच्या त्या पोराला. पण त्याचा फोटो लावला असता तर कोण घाबरलं असतं? सकाळच्या पाळीला निघालेला, डबा घेतलेला मुलगा!

आणि गंमत बघा. त्या पोराला सार्वमतात मत नव्हतं, कारण कागदावर तो पोर्तुगीज. माझा भाचा तेव्हा लेस्टरला शिकत होता, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून त्याला मत होतं. त्याने ते दिलंही. कुणाला, ते मला अजून सांगितलेलं नाही. फराज 2015 मध्ये एका मुलाखतीत म्हणालाच होता की पूर्व युरोपातल्यांपेक्षा भारतातून, ऑस्ट्रेलियातून आलेली माणसं आपल्याला जास्त जवळची, त्यांना इंग्रजी येतं, कायदा समजतो. आमच्याकडच्या कितीजणांना ते ऐकून बरं वाटलं होतं.

जिंकल्यावर पंधरवड्याच्या आत त्याने पक्षाचं नेतेपद सोडलं. राजकारणात येण्याआधी तो लंडनच्या धातूबाजारात दलाल होता. दलालीला मी नावं ठेवणार नाही, आमच्या घरी तीन पिढ्या अडतीचा धंदा. त्याच पैशावर आम्ही शिकलो. पण माल अडत्याच्या मालकीचा नसतो, तो भिजला, किडला, तर झोप दुसऱ्याची उडते. बाहेर पडण्याचा करार, उत्तर आयर्लंडची सीमा, बंदरातली तपासणी, सगळं दुसऱ्यांनी निस्तरलं. जानेवारी 2020 मध्ये शेवटच्या भाषणानंतर युरोपीय संसदेत हा छोटे झेंडे हलवत होता. अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी माइक बंद केला आणि झेंडे घेऊन जायला सांगितलं.

युरोपची वाट बंद झाली, पण ब्रिटनला माणसं लागतच होती. दवाखान्यात, वृद्धाश्रमात, विद्यापीठात. ती आली भारतातून, नायजेरियातून. एका वर्षात निव्वळ वाढ नऊ लाखांच्या वर गेली. आता फराजला नवी रांग मिळाली. 2024 मध्ये आठव्या प्रयत्नात क्लॅक्टनमधून तो ब्रिटिश संसदेत गेला, रिफॉर्म यूके या नव्या पक्षाचा नेता म्हणून. 2025 च्या मेमध्ये त्या पक्षाने केंटसारख्या कौंटी परिषदा जिंकल्या. पहिल्यांदाच रस्त्यांचे खड्डे आणि म्हाताऱ्यांची देखभाल त्याच्या माणसांच्या हातात आली. आता टाळीवर भागायचं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने जाहीर केलं की सत्ता आली तर कायम वास्तव्याचा परवानाच रद्द करू. ज्यांना तो मिळालाय त्यांनाही नव्याने अर्ज करावा लागेल. युरोपीय नागरिकांना मात्र यातून वगळणार म्हणे, कारण त्यांचे हक्क करारात बांधलेले आहेत. म्हणजे स्विंडनचा पोर्तुगीज पोरगा सुरक्षित, आणि इंग्रजी येणारा, कायदा समजणारा, मत दिलेला माझा भाचा टांगणीला.

बहिणीने त्या पत्रकार परिषदेची क्लिप पाठवली आहे. "ताई, तू ऐक आणि सांग, आमच्या बाबूचं यात काय होणार?" अर्धी ऐकून झाली आहे. तो अजूनही छान बोलतो.